१८८२च्या माणदेशात तरणी पोरं-पोरी कुठं भेटत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कादंबरी लिहिताय. साल १८८२, गाव माण-खटावकडचं, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातलं. नायिका १७ वर्षांची, लग्न न झालेली. नायक १९ वर्षांचा. दोघं नदीवर भेटतात, जत्रेत बरोबर हिंडतात, तो तिला चिठ्ठी लिहितो. हे पटण्याजोगं आहे का, आणि नसेल तर त्या काळची तरुण मुलं भेटत कुठं, करमणूक काय करत, प्रेमात पडत की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवलं आणि पंचवीसेक वर्षं याच भागात बायकांकडून ओव्या, फेराची गाणी आणि आठवणी टेपवर घेतल्या. १९८०च्या दशकात मी सुरुवात केली तेव्हा ज्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलल्या त्या १९००-१९१०च्या आसपास जन्मलेल्या. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं त्यांच्या आईचं आणि आजेसासूचं असे. म्हणजे तुमची नायिका त्यांची आजी शोभेल. या मुलीबद्दल मला माया आहे, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आधी तिचं वय. १७ वर्षांची बिनलग्नाची मुलगी त्या गावात तुम्हाला सापडणं फार कठीण. कुणब्याचं घर असो की कुलकर्ण्याचं, मुलगी न्हाती होण्याआधी, म्हणजे वयात येण्याआधी, तिचं लग्न उरकलेलं असे. याच जिल्ह्यातल्या दोघींच्या तारखा पक्क्या आहेत म्हणून सांगते. नायगावच्या सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली झालं तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव १३ वर्षांचे. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे तुमच्या कादंबरीच्या शिवेला लागूनच. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना, पुढच्या रमाबाई रानडे, १८७३च्या डिसेंबरात लग्न होऊन रानड्यांच्या घरी गेली तेव्हा ११ वर्षांची होती आणि नवरा ३१चा. तुमच्या नायिकेपेक्षा ती तीनच वर्षांनी मोठी.

लग्न झालं म्हणजे मुलगी लगेच नांदायला जाई असं नाही. चार-दोन दिवस सासरी राहून ती परत येई, सणावारी ये-जा होई, आणि न्हाण आल्यावर सासरचे तिला रीतसर घेऊन जात. कायद्यातलं संमतीवय १८६०च्या दंडसंहितेत १० वर्षं होतं, ते १८९१ साली १२ झालं. त्यावरून पुण्या-मुंबईत रान पेटलं, पण तुमच्या गावात न्हाण मोजत, वर्षं कुणी मोजत नसे. स्वतःचं वय बहुतेकांना सांगता येत नसे. ‘दुष्काळाच्या आधल्या साली झालेली’ अशी ओळख असायची. तेव्हा नायिकेच्या तोंडी ‘मी सतरा वर्षांची आहे’ हे वाक्य येऊ देऊ नका, एवढं पहिल्यांदा करा.

मग १७ वर्षांची मुलगी गावात मोकळी दिसेल ती कोण? एक म्हणजे सणाला माहेरी आलेली लेक. दुसरी, नवरा मेलेली, पण जिच्या जातीत पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची, चाल आहे अशी. शेतकरी जातींत पाट-मोहतूर होत, वरच्या मानल्या गेलेल्या घराण्यांत आणि ब्राह्मणांत होत नसे. अशा मुलीला पुन्हा घर मिळायची आशा असे, आणि ‘कुणाशी’ हा प्रश्नही असे. तिसरी, खंडोबाला वाहिलेली मुरळी. तिच्यावर लिहायचं तर तिच्यावरच सगळं पुस्तक लिहा. नुसती रंगत आणायला तिला आणू नका. पहिली मुलगी तुमच्यासाठी सगळ्यांत खरी आहे, असं मला वाटतं, आणि तिच्याकडे मी परत येणार आहे.

नायकाला मात्र धक्का लावायची गरज नाही. १९ वर्षांचा बिनलग्नाचा पोरगा गावात असे, गरीब घरात तर हमखास. पुष्कळ शेतकरी आणि कारू जातींत मुलीच्या बापाला देज द्यावं लागे. हुंड्याच्या उलट ही चाल. ज्याच्याकडे देज नाही त्याचं लग्न लांबे. त्यात दुष्काळ. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. शेतकरी लग्नांच्या खर्चाने बुडाला हे बोलणं वाजवीपेक्षा जास्त झालंय, असं आयोगाचं म्हणणं. बियाणं, बैल, पोटाचं धान्य आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हापुन्हा काढलेल्या लहान लहान कर्जांनी तो जास्त बुडाला. तुमच्या नायकाच्या घरी लग्न का थांबलंय हे दाखवताना ही लहान कर्जं दाखवा. लग्नाला पैसा नाही, कारण पैसा बैलात गेला.

आणि तो दुष्काळ विसरू नका. १८७६ ते ७८. तुमचा नायक तेव्हा १३-१४ वर्षांचा, नायिका ११-१२ची. माण-खटावात पाऊस बुडाला, वैरण संपली, गुरं विकली नाहीतर मेली, माणसं सरकारी कामावर गेली: खडी फोडायची, रस्त्यावर आणि तलावांवर माती टाकायची. मजुरांत बाया होत्या, पोरं होती, अनेक गावांची आणि अनेक जातींची माणसं होती. १८७७च्या सुरुवातीला सरकारने मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडा पैसा एवढ्यावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामावर यायचं नाकारलं. एका पिढीच्या पोरापोरींनी परगावची समवयस्क मुलं पहिल्यांदा जवळून पाहिली ती अशा कामांवर, उपाशीपोटी. तुमच्या दोघांनी एकमेकांना आधी कुठं पाहिलेलं असायला हवं असेल, तर नदीपेक्षा ही जागा मला खरी वाटते. खडीच्या ढिगाशी बसून हातोडी मारणारी मुलगी आणि पाट्या वाहणारा मुलगा.

आता ‘भेटत कुठं’ हा मुख्य प्रश्न. आपण आज तरुण म्हटलं की एक गट डोळ्यांपुढे आणतो, सोळा ते बावीस, मुलंमुली मिळून. तसा गट तिथं नव्हता. मुलांचं एक गाव होतं, बायकांचं दुसरं, आणि वेशीबाहेर महारवाडा-मांगवाडा ही आणखी निराळी गावं. प्रत्येकाची सवड वेगळी, जागा वेगळी. कोण कुठं किती वेळ मोकळं असे हे कामावरून ठरे. मी पोरांना कधी ‘तुमची करमणूक काय’ असं विचारलं नाही, म्हाताऱ्यांना ‘मोटेवर कोण असायचं?’ असं विचारलं, आणि मग ते तासभर बोलत.

मोट एकट्याची नसते. एकजण बैलांमागे धावेवर, दुसरा खाली पाटाच्या कडेला दारं धरायला. पहाटे अंधारात मोट धरत. बैल धावेवरून उतरले की मोट वर येई, थारोळ्यात पाणी ओते, आणि बैल मागे सरकताना मोटकऱ्याला दोन-चार श्वासांची उसंत मिळे. तेवढ्यात तो गाण्याची ओळ टाकी. शिवारात दुसरी विहीर चालू असली तर तिकडून जबाब येई. एका आजोबांनी मला सांगितलं की त्यांचा बाप आवाजावरून ओळखायचा, कुणाच्या विहिरीवर आज थोरला आलाय आणि कुणाच्या धाकटा. ही मुलांची बैठक. जागा अर्ध्या मैलावर, तोंडं दिसत नाहीत, आणि तरी गप्पा चालल्यात. गाव कृष्णाकाठी, कराड-वाळव्याकडे ठेवलं असतंत तर मी तुम्हाला गुऱ्हाळाची रात्र दिली असती, पण माणात ऊस जवळजवळ नाही. तिथं बाजरी, ज्वारी आणि मेंढरं.

त्याखालोखाल राखण. ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरं हाकायला माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं आणि रात्री चोराचिलटापायी शेतातच निजायचं. रात्रीची राखण तरण्या पोरांची, आणि शेजारच्या चार शेतांचे राखणदार एका शेकोटीला येत. हुरडा तिथलाच. घरात बापासमोर न निघणारे सगळे विषय या शेकोटीवर निघत. दिवसाची पाखरं हाकायला पोरीही असत. एखादी लेक किंवा सून एकटी उभी आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, अशा फार थोड्या जागांपैकी ही एक. पण माळा उंच असतो. माळ्यावरचं माणूस चार शेतांवरून दिसतं. भेटीची जागा म्हणून निवडलीत तर हे ध्यानात ठेवा.

इर्जिक आणि सावड हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. नांगरट किंवा मोठं काम अडलं की गावातल्या पोरांना औतांसह बोलवायचं, मजुरी द्यायची नाही, जेवण घालायचं, ही इर्जिक. सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. बायकांचीही सावड असे, खुरपणीला आणि काढणीला. ओळीने पाती धरून दहा-बारा जणी चालल्यात, तोंडं चालू आहेत, आणि पुढे एखादी गाणं उचलते. काढणीच्या वेळी पुरुष भलरी म्हणत. अशा दिवशी मुलं आणि बाया एकाच शेतात असत, मोठ्यांच्या नजरेखाली, निरनिराळ्या कामावर. बघणं होई, बोलणं होत नसे. तेवढ्या बघण्यावर माणसं किती दिवस जगत हे मला ओव्यांतून कळलं.

तालीम मोठ्या गावात असे, बहुधा मारुतीच्या देवळाशी. लाल माती, मुगदल, लेझीम. पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर. तिथं कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार यांची पोरं. महार आणि मांग घरांतल्या पोरांना त्या मातीत पाय ठेवता येत नसे, आणि हे तुमच्या कादंबरीत एका ओळीत उरकू नये. महाराच्या तरुण पोराच्या वाट्याला गावकीचं काम असे: सरकारी टपाल आणि पाहुणे पुढच्या गावी पोचवणं, सांगावा नेणं, मेलेलं जनावर ओढणं. त्याला मोबदला म्हणून शिळं आणि अपमान दोन्ही मिळत. पण या कामामुळे आसपासची सगळी गावं त्याला ठाऊक असत. पाटलाच्या पोराने जे तालुक्याचं ठिकाण वर्षातून एकदा पाहिलं, ते याने शंभरदा पाहिलेलं असे. आणि त्याच्यापुढे आणखी एक वाट उघडी होती, फौजेची. मुंबईच्या पलटणींत महार जवान भरती होत, १८९२-९३ला ती भरती बंद झाली. १८८२ साली पेन्शनवर परतलेला एखादा सुभेदार महारवाड्यात बसलाय आणि पोरं त्याच्याभोवती आहेत, हे चित्र अगदी खरं आहे. त्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना वाचायला शिकवत, त्यामुळे गावात अक्षरओळख असलेलं एक घर वेशीबाहेर असू शकतं. हे पत्राच्या वेळी उपयोगी पडेल.

धनगरांची पोरंपोरी आणखी निराळी. पावसाळा सरला की मेंढरांचा वाडा घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडत, पावसाच्या तोंडी परतत. वाटेवरच्या आयुष्यात बाप्ये आणि बाया सगळा दिवस एकत्र. देवाच्या दिवशी ढोलाच्या तालावर गजी नाचत, सुंबरान मांडत. माणदेशात लिहिताय म्हणजे हा ढोल तुम्हाला टाळता येणार नाही.

तमाशाबद्दल तुम्ही विचारलंय. होता, आणि पोरांना त्याचं वेड होतं. त्या वर्षांत फडावर बहुतेक ठिकाणी मुलगाच लुगडं नेसून नाचे, त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. बाई फडावर येण्याचे दिवस जवळ आले होते. तुमच्या साली वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षात कुलकर्ण्याचा एक सोळाएक वर्षांचा मुलगा होता, श्रीधर. तो पुढे कुलकर्णीपण टाकून, जात गमावून पवळा या नाचणारणीबरोबर फडावर उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. एवढं एक उदाहरण पुरे आहे, तमाशा पोरांना कुठवर ओढून नेऊ शकत होता ते कळायला. गरतीच्या बायका तमाशाला जात नसत. तुमची नायिका फार तर रात्री अंथरुणात पडून लांबची ढोलकी ऐकेल.

भजन, सप्ताह, चातुर्मासातली पोथी याला मात्र सगळे, अंतर ठेवून. आणि एक नवं खूळ त्या काळात गावात शिरत होतं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं. कोकणात मुरुडला शाळकरी धोंडो केशव कर्वे देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असत. हेच कर्वे १८७५ साली परीक्षा द्यायला भर पावसात शंभर मैलांहून जास्त चालत साताऱ्याला आले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. लग्न त्यांचं चौदा-पंधराव्या वर्षीच झालेलं, बायको ८ वर्षांची. शिकणाऱ्या पोराची धडपड कशी होती हे दाखवायला ही चाल लक्षात ठेवा. नाहीतर साधारण कुणब्याचं पोर दोन-तीन यत्ता करून गुरांमागे जाई. तुमच्याच साली, १९ ऑक्टोबर १८८२ला, जोतीरावांनी सरकारने शिक्षणाच्या चौकशीला नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं: शेतकरी सारा भरतो, त्याच्या मुलांना निदान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. त्या दिवशी तुमचा नायक मोटेवर होता.

आता बायकांचं गाव.

जातं तुम्हाला ठाऊक आहे, पण बहुतेक लेखक तिथं एकटी बाई बसवतात. घर जरा भरलेलं असलं की जात्यावर दोघी असत, समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. सून आणि नणंद, नाहीतर जावा-जावा. पहाटे घर निजलेलं, दिवा मिणमिणता, आणि दोघींचे गुडघे जवळजवळ टेकलेले. एकीने ओळ उचलायची, दुसरीने पुरी करायची. सासूबद्दलचं गाऱ्हाणं जात्याला सांगता येतं, कारण जात्याला सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. सासरी आलेल्या नव्या सुनेची पहिली मैत्रीण बहुधा इथं जोडली जाई, बहुधा न लग्न झालेली किंवा अजून नांदायला न गेलेली नणंद. वर्ष-दोन वर्षांत ती नणंद सासरी जाई आणि खुंट्यावरचा दुसरा हात बदले. या ताटातुटीवरच्या ओव्या माझ्याकडे शेकड्यांनी आहेत. पुण्याच्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्या लाखावर भरतात, आणि त्यांत फार मोठा वाटा भावाचा आहे. न आलेल्या, उशिरा आलेल्या, येणाऱ्या भावाचा.

कारण भाऊ म्हणजे मुराळी. सणाला लेकीला माहेरी न्यायला येणारा. मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, आलं तरच सून जाणार, आणि सासूने धाडलं तर. एकदा निघाली की तिच्या अंगावरचा पदरसुद्धा वेगळा पडतो. सासरी ती डोक्यावरून खाली ओढलेल्या पदरातून बघते. माहेरच्या वेशीत शिरली की तोंड उघडं, चाल मोठी, आवाज मोठा. नागपंचमीला गावातल्या सगळ्या लेकी एकाच आठवड्यात येतात. कुणी १० वर्षांची, कुणी २०ची कडेवर मूल घेतलेली. ज्या एकत्र सागरगोटे खेळल्या त्या सगळ्या पुन्हा एकत्र. लिंबाला, वडाला झोके. आदल्या दिवशी भावासाठी उपास. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, नांगर धरायचा नाही, म्हणजे चुलीचं आणि शेताचं दोन्ही काम हलकं. वारुळाला जाऊन आलं की फेर. झिम्मा, फुगडी, पिंगा. रात्री उशिरापर्यंत. एका आजीने मला सांगितलं, तिच्या आईला म्हातारपणी काही आठवत नव्हतं, पण पंचमीला कोणकोण आलं होतं ते साल-साल धरून सांगायची.

त्या काळच्या मुलीचं तरुणपण मोजायचं तर मी या दिवसांत मोजते. वर्षाकाठी पंचमीचे आठ दिवस, गौरी-गणपतीचे चार, दिवाळीचे काही, आणि पहिल्या बाळंतपणाचे चार-पाच महिने. देवाने आणि सासूने दिले तेवढे.

आणि मुलामुलींची मोकळी बोलणी व्हायची ती याच दिवसांत. गावची लेक ही गावातल्या पोरांची बहीण धरतात, मग ती कुठल्या का भावकीतली असेना. म्हणून माहेरी आलेली मुलगी गावातल्या समवयस्क पोराला भर पाणवठ्यावर हाक मारू शकते, चेष्टा करू शकते, झोक्याला दोर बांधायला झाडावर चढवू शकते. तोच पोरगा स्वतःच्या बायकोशी दिवसाढवळ्या एक शब्द बोलू शकत नाही. तुमच्या दोघांत नुसती निर्मळ मैत्री दाखवायची असेल तर ही जागा भक्कम आहे. प्रेम दाखवायचं असेल तर याच गोष्टीमुळे ते भयंकर होतं, कारण ती गावची लेक आहे आणि दुसऱ्या गावची सून.

थट्टेला आणि ओढीला समाजाने मान्य केलेली एक वाट होती, मामाचं गाव. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानत. पोरगा मामाकडे गेला की मामी त्याला जावई म्हणूनच चिडवणार, मुलगी आत पळणार, आणि बाहेर येऊन त्याच्या ताटात मुद्दाम तिखट वाढणार. लहानपणापासून ठाऊक असलेली दोन माणसं, जिथं लाजणं आणि बघणं दोन्ही चालतं. अशी लग्नं पुष्कळ होत. आणि मामाने जास्त देज देणाऱ्याला मुलगी दिली की त्याचं दुःखही खरं असे. तुमचा गरीब नायक इथं बसतो. ती मामेबहीण १० वर्षांची असताना दुसरीकडे गेली. आज १७ची होऊन पंचमीला माहेरी आलीय. आणि तो मामाकडे आलाय. मला तर ही कादंबरी दिसू लागलीय.

पण एक विनंती करते, चोरून भेटणारी दोन तरुण माणसं त्या गावात शोधलीत तर ती बहुधा नवरा-बायको निघतील. घरात सोपा आणि माजघर. पुरुष सोप्यात नाहीतर गोठ्यात बैलांजवळ निजत, बायका आत. तरण्या जोडप्याला खोली नसे. वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांशी बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. ती त्याला हाक मारत नाही. काही सांगायचं असेल तर लहान दिराच्या तोंडून. मग परड्यात वैरण काढताना, शेतावर भाकरी घेऊन गेल्यावर, मळणीच्या दिवसांत खळ्याजवळच्या खोपीत, जे काही बोलणं होईल ते. लहानपणी अंतरपाटापलीकडे पाहिलेला हा माणूस कोण आहे हे तिला सोळाव्या-सतराव्या वर्षी असं तुकड्या-तुकड्यांनी कळत जाई. आजींनी मला हे सांगताना आधी टेप बंद करायला लावली, आणि मग तासतास सांगितलं. त्या बोलण्यात भीती होती, लहान वयाची जखम होती, आणि पुष्कळींच्या बोलण्यात फार गोड असं काही होतं. लग्न ठरवून झालं म्हणून प्रेमाची गोष्ट तिथं संपली असं धरू नका.

जातीबाहेरचं किंवा लग्नाबाहेरचं प्रेम उघडं पडलं तर पोराला जातपंचायतीचा दंड, वाळीत टाकणं, मग दंड भरून जेवण घालून परत जातीत. मुलीला परतीची वाट क्वचितच. दोन गावांत मला जुन्या विहिरी दाखवल्या आहेत आणि आवाज खाली करून सांगितलंय, इथं एक गेली. त्यांची नावं कुणी सांगितली नाहीत.

जत्रा. हातात हात घालून हिंडणं काढून टाका. जत्रेला गाड्या भरून घर जातं. बाया बायकांत, पोरं पोरांत. शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी येतात, मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून तरणी पोरं त्या ओढून वर नेतात. तुमचा नायक तिथं दोराला असू द्या. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. बायका कासाराकडे बांगड्या भरतात, गोंदणारणीपुढे हात धरतात, आणि या दोन जागी त्या बराच वेळ एका जागी बसलेल्या असतात. बघणाऱ्याला बघता येतं. मोठी माणसं त्याच वेळी झाडाखाली सोयरिकी बोलत असतात. कासार तर गावोगाव फिरणारा, बाईचा हात हातात घेऊन बोलू शकणारा एकमेव परका पुरुष. निरोप त्याच्याबरोबर जातात.

राहिली चिठ्ठी. १८८२ साली तो लिहू शकेल, तीन यत्ता झाल्या असतील तर. ती वाचू शकणार नाही. पण याच वर्षांत टपालाने गावाचा उंबरा ओलांडलाय. पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ला निघालं, टपालाची मनीऑर्डर १८८०ला. साताऱ्याची आणि कोकणची पोरं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत जात होती. अशा पोराचं कार्ड आलं की ते उघडं. टपालवाल्याने वाचलेलं, कुलकर्ण्याने वाचलेलं, नाहीतर वाड्यातल्या पेन्शनर सुभेदाराकडे नेऊन वाचून घेतलेलं. कार्ड बापाच्या नावे. त्यात सगळ्यांना नमस्कार, पावसाची चौकशी, बैलाची चौकशी. बायकोचं नाव नाही. ती दाराआड उभी राहून ऐकते, सोप्यात दहा माणसं बसलेली. पोराला तिला काही सांगायचं असेल तर तो असं काहीतरी लिहील जे फक्त तिलाच कळेल. दोघांना नवरा-बायको करा, नायकाला मुंबईला धाडा आणि त्याला हे कार्ड लिहायला बसवा. काळ्या गाईला वासरू झालं का, एवढंच तो विचारतो. घरात काळी गाय नाही. सासरा म्हणतो, पोराला घर विसरलं. आणि दाराआड ती पदर तोंडात धरून उभी आहे.